डिस्कवर आधीच कुणीतरी आहे

या डिस्कवर आधीच दोन लिनक्स आहेत, असं पडद्यावर आलं आणि सरांचा हात माऊसवरून चटका बसल्यासारखा उचलला गेला. खाली तीन पर्याय होते: त्यांच्या शेजारी आणखी एक बसवायचं, सगळं पुसून टाकायचं, किंवा काय करायचं ते स्वतःच ठरवायचं. सरांनी वाक्य पुन्हा वाचलं. वर्गात एखादं मूल घाईघाईनं वाचायला लागलं की ते म्हणायचे, बोट ठेवून वाच. आता त्यांनी स्वतःच काचेवर बोट ठेवलं आणि एकेका शब्दाखालून सरकवत नेलं. वाक्य तेच राहिलं. डिस्क कोरी असायला हवी होती. दुरुस्तीवाल्याकडून हा जुना संगणक आणला तेव्हाच त्यांनी कोरी डिस्क मागून घेतली होती, आणि तेव्हापासून तो खिडकीखालच्या टेबलावर, जुन्या चादरीच्या तुकड्याखाली झाकून ठेवलेला होता. त्यावर नेमकं काय बसवावं हे ठरत नव्हतं, म्हणून. आज सकाळी दाढी करताना ते ठरलं होतं. पेनड्राइव्ह तयार केला, लावला, यंत्र सुरू केलं, भाषा निवडली, आणि पाचव्या मिनिटाला हे. एकच नव्हे, दोन. सरांची नजर नकळत चादरीच्या तुकड्याकडे गेली. तो खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. त्यावर धूळ नव्हती.

शनिवारच्या शिकवणीसाठी हे सगळं चाललं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी गणित शिकवणं बंद केलं होतं. गणित शिकवणारे पुष्कळ होते. पण एका यंत्रातून निघालेला निरोप दुसऱ्या यंत्रापर्यंत कसा पोचतो, वाटेत त्याला कोण कोण भेटतं आणि कुठे वळायचं हे त्याला कोण सांगतं, हे मुलांना कुणीच सांगत नव्हतं. मुलं दिवसभर निरोप पाठवत होती, पण वाट कुणालाच ठाऊक नव्हती. सरांनी साठी उलटल्यावर ते स्वतः शिकून घेतलं, पुस्तकं आणून, वहीत आकृत्या काढून, आणि मग आजूबाजूच्या इमारतींतली पाच मुलं दर शनिवारी सकाळी येऊ लागली. सुरुवात त्यांनी चिठ्ठ्यांपासून केली. मुलांना घरभर उभं करायचं, एकाला दारात, एकाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, एकाला खुर्चीवर, आणि प्रत्येकाच्या हातात एक यादी: अमक्याची चिठ्ठी आली तर तमक्याकडे दे. जो यादी वाचून चिठ्ठी पुढे देतो तो राउटर. बस, एवढंच. पण चिठ्ठ्यांचा खेळ किती दिवस खेळणार? आता खरी यंत्रं हवी होती, आणि खरी आठ यंत्रं घरात आणणं शक्य नव्हतं. त्यावर उपाय असा, की एकाच संगणकाच्या पोटात आठ लुटुपुटूची यंत्रं उभी करायची, त्यांच्यात लुटुपुटूच्या तारा जोडायच्या, आणि निरोप मात्र अगदी खऱ्यासारखे सोडायचे. तार तोडली तरी कुणाचं काही बिघडत नाही. चुकलं तर पुसून पुन्हा मांडायचं.

प्रश्न एवढाच होता, की ही प्रयोगशाळा मांडायची कशावर. लिनक्सवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या त्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर, हे नक्की होतं. पण कसं? एक रस्ता असा, की घरातल्या रोजच्या संगणकावर जे चालू आहे ते चालू ठेवायचं, त्याच्या आत लिनक्स पाहुण्यासारखं बसवायचं, आणि त्या पाहुण्याच्या आत ही आठ यंत्रं. दुसरा रस्ता असा, की या जुन्या संगणकाच्या डिस्कवर लिनक्स थेट बसवायचं, मधे कुणी नाही. पहिला रस्ता सोपा, काही मोडायची भीती नाही. पण सोळा जीबी मेमरीतली निम्मी यजमानच खाणार आणि आठ यंत्रं धापा टाकणार. सर आठवडाभर याच विचारात होते. किंवा त्यांना आठवडाभर असं वाटत होतं. आणि आज सकाळी, गालाला साबण लावलेला असताना, त्यांना ती उपमा सुचली. एखाद्याच्या आत एखादं बसवणं म्हणजे भाड्याच्या घरात पोटभाडेकरू ठेवणं. पाण्याचा नळ सोडायचा तरी दोघांची परवानगी घ्यावी लागते. थेट डिस्कवर बसणं म्हणजे स्वतःचं घर. खोल्या दोनच, पण आपल्या. उपमा इतकी चपखल होती की तोंडाला साबण तसाच ठेवून ते आतल्या खोलीत बायकोला सांगायला गेले. ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती, अजूनही घरी प्रुफं तपासायची. पुढ्यात गठ्ठा, कानावर पेन्सिल. ती ऐकून म्हणाली, छान आहे. आणि जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. साबण वाळतोय, म्हणाली.

तेव्हा हे दोघे कोण? सरांनी तिन्ही पर्यायांपैकी एकालाही हात लावला नाही. जे आपण लिहिलेलं नाही ते पुसायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. दुसऱ्या शिक्षकाचा तास संपल्यावर फळ्यावर काही उरलेलं असलं तरी ते आधी मुलांना विचारायचे, उतरवून घेतलंत का? त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. दुरुस्तीवाला कोपऱ्यावरच्या दुकानात बसायचा आणि फोन उचलतानाही त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर कशावर तरी खडखडत असायचा.

"बोला सर."

"तू मला डिस्क दिलीस ती कोरी होती ना?"

"कोरी करकरीत. का हो, आवाज करतेय का?"

"आवाज नाही. तिच्यावर काहीतरी आहे."

"असणारच की! तुम्हीच तर बसवलंत." खडखड थांबली. "गेल्या महिन्यात दुकानात येऊन तासभर समजावलंत मला, थेट डिस्कवर का बसवायचं ते. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि तुमचं आपलं चालूच, घरमालक काय, पोटभाडेकरू काय. मला, सर! वीस वर्षं मी हाच धंदा करतोय आणि तुम्ही मला शिकवताय." तो मनापासून हसला. "पण पटलं हो. आता मीच गिऱ्हाइकांना तेच सांगतो. हॅलो? सर?"

सर म्हणाले, बरं, बरं. ठेवतो. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत. केव्हा उठलो? गेल्या महिन्यात ते दुकानात गेले होते, हे खरं, संगणक आणायला. ते त्यांना स्वच्छ आठवत होतं, दारातली पायरी, काउंटरवर उघडा पडलेला पंखा. गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, हे आठवत नव्हतं. पोटभाडेकरू तर आज सकाळचा. तो गेल्या महिन्यात दुकानात कसा जाईल?

त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, एकीखाली एक, एकाच नावाच्या. जुळ्या मुलांना एकाच बाकावर बसवल्यासारख्या. त्यांनी वरची निवडली. जरा वेळानं एक साधा, बिनसजावटीचा पडदा आला. आज सकाळी त्यांनी नेमका असाच निवडला होता, नटवलेला नको, मेमरी वाया जाते म्हणून. वापरणाऱ्याचं नाव: सर. पासवर्ड मागितला. मला कुठे माहीत आहे, असं ते मनात म्हणत होते तेवढ्यात बोटांनी काहीतरी टाइप केलं आणि दार उघडलं. बोटं कळफलकावर तशीच राहिली. सर त्यांच्याकडे बघत होते. एखाद्या अनोळखी घरासमोर उभं राहावं, आणि आपल्याच खिशातल्या किल्लीनं कुलूप निघावं.

आत एक फाइल होती. नाव होतं 'का'. मुलांना ते नेहमी सांगायचे, उत्तर नुसतं लिहू नका, खाली का ते लिहा. फाइलमध्ये पाच आठवड्यांपूर्वीची तारीख होती. लिनक्स थेट डिस्कवर बसवलं. का? आत पाहुणा म्हणून बसवणं म्हणजे भाड्याच्या घरात पोटभाडेकरू. पाण्याचा नळ सोडायचा तरी दोघांची परवानगी. साधा पडदा निवडला. का? मेमरी यंत्रांना द्यायची आहे, पडद्याला नव्हे. आठही यंत्रं हलक्या बांधणीची घेतली. का? तारांचं शिकायचं तर यंत्रं पूर्ण वजनाची कशाला. सरांनी ती फाइल बंद केली. यंत्र बंद केलं. पुन्हा सुरू केलं आणि खालची ओळ निवडली. पुन्हा तोच साधा पडदा, पुन्हा बोटांनी पासवर्ड टाकला, पुन्हा 'का' नावाची फाइल. तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची. लिनक्स थेट डिस्कवर बसवलं. का? आत पाहुणा म्हणून बसवणं म्हणजे भाड्याच्या घरात पोटभाडेकरू.

पाण्याचा नळसुद्धा.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांनी दोन मुलांना पकडलं होतं. तेव्हा भूगोलही त्यांच्याकडेच होता. दोन उत्तरपत्रिका, एकच चूक. बरोबर उत्तरं सारखी असतात, त्यात नवल नाही, त्यांनी त्या मुलांना सांगितलं होतं. पण चूक ज्याची त्याची असते, आणि उपमाही. तुम्ही दोघांनीही पृथ्वीला चिमटलेल्या लिंबासारखी म्हटलंय. चिमटलेलं लिंबू दोघांना एकाच वेळी सुचत नाही. खरं सांगा, कुणी कुणाचं पाहिलं? त्यातला एक रडायला लागला, दुसरा म्हणाला, सर, मी पाहिलं नाही, मला खरंच सुचलं. त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. आता तीन उत्तरपत्रिका होत्या, पाच आठवड्यांपूर्वीची, एकोणीस दिवसांपूर्वीची आणि आज सकाळची, तिन्हींचं अक्षर एक, उपमा एक, आणि तिघांनाही ती खरंच सुचली होती. प्रत्येक वेळी पहिल्यांदा. प्रत्येक वेळी गालाला साबण असेल का? प्रत्येक वेळी इतकाच आनंद झाला असेल? त्यांनी पाणी प्यायला पेला उचलला, तो रिकामा होता, आणि रिकाम्या पेल्यातून एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला.

एक हेडमास्तर होते. शेवटच्या वर्षी ते सकाळी हजेरी घ्यायचे आणि अर्ध्या तासानं पुन्हा हजेरी घ्यायचे. मुलं दोन्ही वेळा हजर म्हणायची, दुसऱ्या वेळी जरा सुरात, खालच्या मानेनं हसत. शिक्षकांच्या खोलीत त्यावर विनोद चालायचे. आज साहेबांनी मुलं दुप्पट केली, शाळा वाढतेय. तेव्हाचे तरुण सरही हसले होते. हेडमास्तर हसणाऱ्यांकडे बघून स्वतःही हसायचे, काय झालं ते न कळून, पण आपल्या शाळेत सगळे आनंदात आहेत याचं बरं वाटून. तो चेहरा इतक्या वर्षांनी आता पडद्याच्या काळ्या कडेवर दिसला, आणि सरांनी पटकन मान वळवली, कारण त्या कडेत प्रतिबिंब त्यांचं स्वतःचं होतं.

पद्धतशीर जाऊ, त्यांनी स्वतःला सांगितलं. घाबरलेल्या मुलाला सांगायचे त्याच आवाजात. आधी काय माहीत आहे ते बघू. दुसऱ्या लिनक्समध्ये शेवटचं कुणी केव्हा काम केलं, ते त्यांनी शोधलं. मागचा शनिवार, सकाळी अकरा. म्हणजे मुलं होती. मागच्या शनिवारी आपण काय केलं? चिठ्ठ्या. त्यांना स्वच्छ दिसत होतं, दारातलं मूल, उंबऱ्यातलं मूल, खुर्चीवर उभी राहून यादी नाचवणारी टिचकी. टिचकी पाचांतली सर्वांत लहान, अकरा वर्षांची, बोलताना समोरच्याला टिचकी मारल्यासारखी बोलायची, म्हणून सरांनीच ठेवलेलं नाव. पण हा मागचा शनिवार कशावरून? तिच्या हाताला तेव्हा प्लास्टर होतं. प्लास्टर तर कधीच निघालं. सरांनी तो शनिवार मनात हलवून पाहिला, आणि त्याच्या मागे दुसरा कुठलाच शनिवार नव्हता. जणू तेवढा एकच झाला होता आणि दर आठवड्याला तोच पुन्हा आणून ठेवला जात होता.

त्यांनी प्रयोगशाळा उघडली. पडद्यावर आठ यंत्रं उभी राहिली, नीट अंतर सोडून, तारांनी जोडलेली. यंत्रांना नावं दिली होती जुन्या विद्यार्थ्यांच्या टोपणनावांवरून, भोंगा, उंटीण, सुतळी, कंपास. अगदी टोकाला मौनी. ती वर्षभर वर्गात बोलली नव्हती आणि निरोपाच्या दिवशी एकदम गायला लागली होती. ती आठवत होती. चाळीस वर्षांपूर्वीची मौनी तिच्या दोन्ही वेण्यांसकट आठवत होती. मांडणी सुरेख होती, सरांना मान्य करावंच लागलं. कुणी केली, फार हुशारीनं केली. खाली एक टीप होती: भोंग्याकडून मौनीला निरोप पाठवा. उत्तर येणार नाही. मुलांना का ते शोधू द्या. सरांनी निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. त्यांनी तारा तपासल्या, सगळ्या शाबूत. भोंग्याची यादी तपासली, बरोबर. वाटेतल्यांच्या याद्या पाहिल्या. पुन्हा निरोप पाठवला. हे अगदी सोपं असणार, कारण हे मुलांसाठी होतं, आणि हे त्यांनी स्वतः घातलेलं कोडं होतं. त्याचं उत्तर डोक्यात कुठेतरी असणारच, फक्त तिथपर्यंत हात पोचत नव्हता. वीस मिनिटं गेली. चाळीस वर्षांत त्यांनी कितीतरी मुलांना असं बसलेलं पाहिलं होतं, वहीकडे डोळे लावून, पेन्सिलीचं टोक चावत, आणि त्यांना वाटायचं की आपल्याला या मुलाचं कळतं. काही कळत नव्हतं. आत हे असं असतं, इतकं पांढरं आणि इतकं एकटं, हे त्यांना आज कळलं.

एक वाजून गेला होता, टिचकी शाळेतून आली असणार. सरांनी तिच्या आईच्या फोनवर फोन केला.

"आई, सर आहेत! मीच बोलते. हॅलो सर, आज शनिवार नाहीये."

"माहीत आहे. जेवलीस का?"

"कधीच. तुम्ही?"

"जेवतो आता. टिचकी, मला एक सांग. भोंग्यानं पाठवलेल्या निरोपाला मौनीकडून उत्तर का येत नाही?"

पलीकडे एक मोठा, नाटकी उसासा ऐकू आला. "परत तेच? सर, हे तुम्ही मागच्या शनिवारी विचारलंत, त्याच्या आधीच्या शनिवारी विचारलंत. आता आमचं पाठ झालंय."

"सांग तरी."

"पण नीट ऐका हं. मधे मधे बोलायचं नाही." तिनं सूर लावला, सरांचाच सूर, शब्दांमधे जागा सोडून बोलायचा. "निरोप पोचतो. मौनीला मिळतो. मौनी उत्तर लिहिते पण. पण तिच्या यादीत परतीची वाट लिहिलेलीच नाही. मग ती उत्तर हातात घेऊन तशीच बसून राहते. आणि भोंग्याला वाटतं, हिला ऐकूच गेलं नाही. कळलं?"

सरांनी पडद्याकडे पाहिलं. मौनीची यादी. सगळ्यांच्या याद्या त्यांनी तपासल्या होत्या, तिची सोडून.

"कळलं," ते म्हणाले.

"दर वेळी इतका वेळ लावता तुम्ही कळायला!" ती खिदळली. "सर, एक विचारू? तुम्हाला हसू कसं येत नाही? मला तर असं नाटक करताना लगेच हसू फुटतं."

"नाटक?"

"विसरायचं नाटक. आम्हाला समजावून सांगायला लावता ना, ते. आई म्हणते, तिलाही तुम्ही असंच शिकवलंत. मला नाही बाबा येत हा भागाकार, तूच शिकव मला. आणि मग तुम्ही बाकावर जाऊन बसायचात."

टिचकीची आई त्यांची विद्यार्थिनी होती. आणि हो, ते बाकावर जाऊन बसायचे. ती त्यांची रीतच होती, शाळेत सगळ्यांना ठाऊक असलेली. आपण काहीच येत नसल्यासारखं करायचं आणि मुलाला शिकवू द्यायचं, कारण शिकवताना मूल जितकं शिकतं तितकं ऐकताना शिकत नाही. ते सोंग त्यांनी इतकं घोटलं होतं की पाहणीला आलेले अधिकारीसुद्धा फसायचे. एकानं तर हेडमास्तरांना हळूच विचारलं होतं, हे गृहस्थ गणितच शिकवतात ना? आता त्याच सोंगाच्या आत खरं विसरणं येऊन बसलं होतं, आणि बाहेरून दोन्ही सारखी दिसत होती. मुलांना. कदाचित त्यांना स्वतःलाही. विसरणं एक वेळ ठीक. पण शनिवारी आपण चुकीचं शिकवलं तर? मुलं ते गंमत म्हणून सोडून देतील, नाहीतर खरं म्हणून पाठ करतील. चूक दाखवायला एकही हात वर होणार नाही. सर मुद्दाम करताहेत, बघू कोण पकडतं, म्हणून सगळी गालातल्या गालात हसत बसतील.

"टिचकी," ते म्हणाले, "ऐक. हे नाटक नाही. मी खरंच विसरलोय गं."

"माहितीये सर." ती जराही थांबली नाही. "दर वेळी तुम्ही असंच म्हणता. ठेवू? आई बोलावतेय."

फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो कानाशी धरून ठेवला होता. बायको दारात केव्हा येऊन उभी राहिली, ते त्यांना कळलं नाही. तिच्या कानावर पेन्सिल होती आणि हातात प्रुफाचा एक कागद, वाचता वाचता उठल्यासारखा.

"किती वेळ उभी आहेस?"

"भोंग्यापासून."

"मला एक सांग. पोटभाडेकरूचं मी तुला आधी सांगितलंय?"

तिनं कागद टेबलावर ठेवला, त्याची कड टेबलाच्या कडेशी जुळवली. "आज सकाळचं धरून तीनदा."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्यांदा आवडलं म्हणून. दुसऱ्यांदा वाटलं, शनिवारची तयारी करताय. लग्न झाल्यापासून तुमचे सगळे धडे आधी माझ्यावरच तर झाले. काटकोन त्रिकोण, काळ-काम-वेग... मी किती टाक्या भरल्यात आणि किती रिकाम्या केल्यात, याचा हिशेब आहे का?" ती हसायचा प्रयत्न करत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. "आज तिसऱ्यांदा आलात. तोंडभर साबण, आणि इतके खूश. एकच परिच्छेद दोनदा छापला गेला तर मला कळतो हो, जन्म गेला माझा त्यात. पण कागदावर खूण करता येते. तुमच्यावर कुठे करू?"

सर खुर्चीत बसले. खिडकीखाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, येऊ दे, येऊ दे, असं कुणीतरी ओरडत होतं. पाच आठवडे. कदाचित जास्त. तिला कुठेतरी कळत होतं, आणि ती रोज सकाळी चहा ठेवत होती, प्रुफं तपासत होती, आणि ते दर वेळी पहिल्यांदा म्हणून जे सांगत होते ते दर वेळी पहिल्यांदा म्हणून ऐकत होती.

"डॉक्टरकडे जाऊ," ते म्हणाले.

"मंगळवारची वेळ घेतली आहे मी. आज सांगणार होते."

"बरं केलंस." आणि मग थोड्या वेळानं, "पण शनिवार मंगळवारच्या आधी आहे. मुलांना सांगितलं पाहिजे."

"तुम्ही सांगितलंत. गेल्या शनिवारी, याच खुर्चीत बसून. म्हणालात, मुलांनो, मी अलीकडे खरंच विसरतो. मुलं इतकी हसली! एकानं तर टाळ्या वाजवल्या." तिनं मान वळवली. "मग तुम्हीही हसलात."

सर त्या हसण्याचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होते. पाच मुलांचं हसणं आणि एका म्हाताऱ्याचं. काहीच सापडलं नाही. खरं सांगूनही ते पोचलं नव्हतं, आणि सांगणारा सांगितल्याचं विसरला होता. याहून अधिक खरं ते कसं बोलणार? त्यांच्या तोंडून येणारं प्रत्येक 'मला येत नाही' मुलांनी टिचकीच्या आईकडून ऐकलेल्या गोष्टीत जाऊन बसणार होतं. शिकवणी बंद करावी? एक क्षण तेच बरोबर वाटलं. मग टिचकीचा सूर आठवला, नीट ऐका हं, मधे मधे बोलायचं नाही, आणि तिनं किती अचूक सांगितलं होतं ते. मुलांना येत होतं. फक्त सर चुकले तर चूक म्हणायची त्यांना मुभा नव्हती, कारण ती चूक आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"तू सांग," ते म्हणाले.

"मी?"

"तू कधी नाटक केलेलं नाहीस. तुझं खरं वाटेल त्यांना."

"अहो, माझा जन्म कागदाशी गेला. समोर चार माणसं आली की माझी जीभ टाळूला चिकटते. मुलं म्हणजे तर..."

"आत्ता म्हणून बघ ना. मी बसतो इथे. समज, मुलं आहेत."

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, चेष्टा तर नाही ना, हे पाहत. मग तिनं कानावरची पेन्सिल काढून प्रुफाच्या कागदावर ठेवली आणि खिडकी आणि फळा यांच्या मधे, जिथे ते शनिवारी उभे राहत, तिथे जाऊन उभी राहिली. तिला हातांचं काय करावं ते कळेना.

"हात कुठे ठेवू?"

"कुठेही नको. खाली सोड."

"मुलांनो," ती म्हणाली आणि थांबली. घसा साफ केला. जमिनीकडे बघत, अगदी हलक्या आवाजात, घाईघाईनं म्हणाली, "मुलांनो, सर मुद्दाम विसरत नाहीत. सर खरंच विसरतात. त्यांचं चुकलं तर हसायचं नाही, गप्प बसायचं नाही, हात वर करून सांगायचं."

सर खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. आज दिवसभर जे त्यांनी वाचलं होतं, शोधलं होतं, फोनवर ऐकलं होतं, ते आत्ता पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सांगितलं. सर खरंच विसरतात. हे आपल्याबद्दल आहे, हे कळायला त्यांना एक क्षण लागला, आणि कळल्यावर ते कुठेतरी खोलवर, छातीच्या मागे, धाडकन आपटलं. डोळ्यांसमोरची खिडकी पाण्यात बुडाल्यासारखी हलली.

"ऐकू आलं ना?" तिनं विचारलं.

"मला आलं." त्यांचा आवाज फाटला, त्यांनी तो सावरला. "पण शेवटच्या मुलापर्यंत गेलं पाहिजे. मान वर कर. आणि मोठ्यानं."

तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं, मान वर केली, आणि ते सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं म्हटलं.